मशीनबाहेरचे दीडशे तास

आठवड्याचे एकूण तास 168. त्यातले डायलिसिसच्या मशीनला जोडलेले तास, आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसलं तर 12. आपल्याकडे अनेकांना परवडतं तसं दोनदाच बसलं, तर 8. निरोगी माणसाची मूत्रपिंडं रक्तातून रोज साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम एक मिनिटही थांबत नाही. मशीन मात्र ते काम चार तासांत उरकतं आणि मग दोन-तीन दिवस काहीच करत नाही. उरलेल्या दीडशेहून अधिक तासांत पाणी किती प्यायचं, मीठ किती घ्यायचं, गोळ्या कधी घ्यायच्या, हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, कशी जपायची, हे सगळं रुग्णाला स्वतःच सांभाळावं लागतं. या तासांबद्दल आपण फार कमी बोलतो. 2020 साली कोविडची महासाथ आली आणि या तासांवरच सगळा भार पडला.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. इंदूरमध्ये कोविडचे पहिले रुग्ण त्याच आठवड्यात सापडले आणि एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातला साथीचा सर्वांत मोठा विळखा याच शहराला पडला. 9 एप्रिलला शहरातले डॉ. शत्रुघ्न पंजवानी कोविडने गेले. देशात या साथीत प्राण गमावलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक. दवाखान्याची पायरी चढायलाही लोक घाबरू लागले, ते अशा बातम्यांमुळे. इंदूर हे साऱ्या माळव्या-निमाडाचं उपचाराचं ठिकाण आहे. देवास, धार, खरगोन, खंडव्याकडची माणसं इथे येतात. बस आणि रेल्वे बंद, जिल्ह्यांच्या सीमांवर नाके. सगळ्या देशाला ‘घरात राहा’ असं सांगितलं जात असताना घरात राहणं ज्यांच्या जिवावर बेतणार होतं, असा हा रुग्णवर्ग. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सूचना काढल्या होत्या: ठरलेलं डायलिसिस चुकवू नका, ताप-खोकला असेल तर येण्याआधी केंद्राला फोन करा. सूचना योग्य होत्या, पण तिथवर पोहोचायचं कसं याचं उत्तर कागदावर नव्हतं.

देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी त्या काळाचा हिशेब मांडला. नियमित डायलिसिसवरच्या 2517 रुग्णांपैकी 710 जणांचं, म्हणजे 28.2 टक्क्यांचं, किमान एक डायलिसिस चुकलं. 69 जणांना तातडीने मशीनवर घ्यावं लागलं. 104 जण यायचेच बंद झाले. नऊ जणांच्या मृत्यूची खात्री झाली. न आलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे आकडा सांगत नाही.

एक डायलिसिस चुकलं तर शरीरात काय होतं? दोन गोष्टी साठतात, आणि दोन्ही जीव घेऊ शकतात. पहिली, पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने प्यायलेला प्रत्येक लिटर वजनकाट्यावर एक किलो म्हणून दिसतो. जादा पाणी काढून टाकल्यावरचं जे वजन, त्याला डायलिसिस केंद्रात ‘ड्राय वेट’ म्हणतात. दोन डायलिसिसच्या मधली वाढ या वजनाच्या चार-साडेचार टक्क्यांच्या आत असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला अडीच किलोच्या आसपास. त्यापलीकडे पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुप्फुसांत उतरतं. माणसाला आडवं झोपता येत नाही, धाप लागते.

त्या एप्रिलमध्ये ही धाप फार घातक ठरत होती, कारण कोविडचीही धाप तशीच. इंदूरमध्ये रुग्णालयांची लाल, पिवळी आणि हिरवी अशी वर्गवारी झाली होती: कोविड निश्चित झालेल्यांसाठी लाल, संशयितांसाठी पिवळी, इतरांसाठी हिरवी. व्यवस्थेच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. पण मंगळवारचं डायलिसिस चुकलेला आणि गुरुवारी धापा टाकत आलेला माणूस कुठल्या रंगाचा? छातीच्या एक्स-रेवरही दोन्हींतला फरक प्रत्येक वेळी लगेच उमगत नाही. अशा वेळी ‘माझं ड्राय वेट 58, काल सकाळी काट्यावर 61.5 होतं, ताप नाही’ असं सांगणारा रुग्ण डॉक्टरांना मोठी मदत करतो. कोविडची शक्यता त्याने संपत नाही, पण पाणी चढल्याचा धागा पहिल्या मिनिटाला हाती लागतो. घरातला साधा वजनकाटा आणि रोजची एक नोंद, एवढंच त्याला लागतं.

दुसरी गोष्ट पोटॅशियम. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर या पातळीत राहायला हवं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधी कसलीही पूर्वसूचना न देता हृदय थांबतं. अमेरिकेतल्या 32,065 रुग्णांच्या नोंदींवरून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातल्या दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं: 100 रुग्णवर्षांमागे 18 ऐवजी 22.1. हा खंड तर वेळापत्रकातच असलेला. टाळेबंदीने तो चार-पाच दिवसांवर नेला, तेव्हा काय झालं असेल ते समजतं. त्यात कडक संचारबंदीत हिरवी भाजी मिळणं अवघड, आणि बटाटा टिकाऊ म्हणून घरोघरी भरलेला. बटाट्यात 100 ग्रॅममागे चारशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. तो नुसता पाण्यात भिजत ठेवला की काम होतं, असा पक्का समज आहे. प्रयोगात मात्र नुसत्या भिजवण्याने फारसं काही कमी झालं नाही. लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकडल्यावर निम्मं गेलं आणि किसून उकडल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश. उकडलेलं पाणी अर्थातच फेकायचं.

आता एवढी माहिती कागदावर छापून हाती दिली, तर रुग्ण तसं वागेल का? बहुतेक वेळा नाही, आणि त्याचा दोष रुग्णाच्या आळसावर ढकलून आपण मोकळे होतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. माहिती असणं आणि ‘हे मला जमेल’ असं वाटणं या दोन गोष्टींमध्ये मोठं अंतर असतं. ते अंतर आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मोजायला घेतलं. कॅनडातल्या एका छोट्या गावात 1925 साली जन्मलेले बांडुरा पुढे आयुष्यभर स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. 2021 साली ते गेले. सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर त्यांनी प्रयोग केले. काहींनी दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं पाहिलं. काहींनी मदतनिसाच्या सोबतीने पायरीपायरीने स्वतः हात लावला. दुसऱ्या गटाचा विश्वास जास्त वाढला आणि पुढची पायरी कोण चढेल याचा अंदाज त्या विश्वासावरून चांगला बांधता आला. 1977 साली त्यांनी ही कल्पना सविस्तर मांडली. तिला स्वक्षमता म्हणू या: एखादं नेमकं काम आपण पार पाडू शकू, ही खात्री.

यातला ‘नेमकं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वक्षमता म्हणजे सर्वसाधारण धीर किंवा आशावाद नाही. गोळ्या वेळेवर घेण्याबद्दल शंभर टक्के खात्री असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत ताकाचा पेला नाकारण्याबद्दल अगदी डळमळीत असू शकतो. बांडुरांनी ही खात्री चार वाटांनी येते असं सांगितलं. सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून पाहून आलेलं यश. मग आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेलं पाहणं. तिसरी, ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाने दिलेला धीर. आणि चौथी, शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ, म्हणजे छातीत धडधडलं तर ‘आता संपलं’ वाटतं की ‘वजन बघू’ असं सुचतं.

महासाथीने यातल्या शेवटच्या तिन्ही वाटा एकदम अरुंद केल्या. डायलिसिस हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवरचा दहा वर्षं जुना रुग्ण हा नव्या माणसाचा खरा गुरू असतो. कुठली गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, रात्री फिस्टुलाच्या हातावर झोपायचं नाही, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, ही शिकवण बहुधा त्याच्याकडूनच मिळते. खुर्च्या लांब गेल्या, तोंडावर मास्क आले, नातेवाइकांना दाराबाहेर थांबवलं. टेक्निशियन पीपीई किटच्या आड, घामाने निथळत, पुढच्या पाळीची घाई. आणि प्रत्येक खोकल्याचा अर्थ एकच लागू लागला. ती भीती निराधारही नव्हती: पहिल्या लाटेत युरोपातल्या नोंदींनुसार कोविड झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी सुमारे 20 टक्के 28 दिवसांत दगावले.

मग उरते ती पहिली, सर्वांत भक्कम वाट. करून पाहणं. इंदूरमध्ये याची सुरुवात मिठापासून करावी, असं मला वाटतं. इथल्या मराठी घरांतसुद्धा सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन हा मसाला नसेल तर ते पोहे वाटत नाहीत. शेवेत मीठ, जीरावनात मीठ आणि वर काळं मीठ. शरीरात साधारण नऊ ग्रॅम मीठ साठलं की ते एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी प्यायला लावणारी तहानही मीठच लावतं. म्हणून मे महिन्याच्या उन्हात ‘पाणी कमी प्या’ असं नुसतं सांगणं क्रूर आहे. तहान आधी कमी करावी लागते. एकदम अळणी खा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी माणूस हरतो, आणि हरल्याचा अनुभव स्वक्षमतेला सर्वांत जास्त पोखरतो. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात फक्त जीरावन बंद. लिंबू, भाजलेलं जिरं आणि कोथिंबीर चालू. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणायचं नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पुढच्या डायलिसिसला वजन अर्धा किलो कमी वाढलेलं दिसलं, मशीनवर पायात गोळे आले नाहीत, रक्तदाब कोसळला नाही, की रुग्णाला कुणी भाषण द्यावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात शेव निम्मी.

हे फक्त कल्पनेतलं नाही. तैवानमध्ये 62 डायलिसिस रुग्णांवर झालेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वक्षमता वाढवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या गटाची दोन डायलिसिसमधली वजनवाढ दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. स्वीडनमधल्या यॉनशॉपिंग शहरातल्या रिहोव्ह रुग्णालयात 2005 साली एका तरुण रुग्णाने नर्सला विचारलं, माझं डायलिसिस मी स्वतः लावू का? तिने शिकवलं. त्याचं पाहून दुसरा शिकला, आणि पुढे तिथे स्वतः डायलिसिस लावणाऱ्यांसाठी वेगळा विभागच उभा राहिला. आपल्याकडे सगळ्यांनी स्वतःला सुया टोचाव्यात असं मी म्हणत नाही. पण स्वतःचं वजन स्वतः नोंदवणं, किती पाणी काढायचं हा आकडा समजून घेणं, रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून रक्ताची थरथर तपासणं आणि ती जाणवली नाही तर त्याच तासाला फोन करणं, याला काहीही खर्च येत नाही.

संकटाची तयारीही शिकवता येते. 2005 साली कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या डायलिसिस रुग्णांपैकी 44 टक्क्यांचं किमान एक डायलिसिस चुकलं होतं. अमेरिकेत अशा प्रसंगांसाठी तीन दिवसांचा आणीबाणीचा आहार ठरवून दिलेला असतो: पाणी नेहमीच्या निम्म्यावर, मीठ, फळं आणि बटाटा-टोमॅटो जवळजवळ बंद, प्रथिनंही बेताची. हा आहार उपचाराची जागा घेत नाही, पण डायलिसिसपर्यंत पोहोचायला थोडा वेळ मिळवून देतो. आपापल्या डॉक्टरांकडून असा आहार लिहून घेऊन, ड्राय वेट, औषधं, रक्तगट आणि केंद्राच्या फोन नंबरासह तो खिशात ठेवलेले रुग्ण मार्च 2020 मध्ये किती असतील? फार थोडे, कारण त्यांना तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. धारच्या पुढच्या गावातल्या माणसाची स्वक्षमता कितीही असो, टाळेबंदीत गाडी आणि प्रवासाचा पास नसेल तर ती त्याला इंदूरला आणू शकत नव्हती. 2016 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि गरज निम्मीच भागते. तेव्हापासून जिल्हा रुग्णालयांत मशीन आली, गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं, आणि 1 मार्च 2021 पासून 45 वर्षांवरच्या सहव्याधीग्रस्तांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा त्या यादीत डायलिसिसचे रुग्ण होते. हे होणं आवश्यकच होतं. आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा बसणाऱ्याला मधले दिवस जास्त जड जातात, त्याचा दोष त्याच्या जिभेवर ढकलता येत नाही. ज्या संशोधनात स्वक्षमता कमी दिसते, तिथे आधी रुग्णाचं घर किती लांब आहे आणि त्याच्या मजुरीचे किती दिवस बुडतात, हे विचारावं.

तरीही चार तास हातात असतात. रुग्ण खुर्चीत आहे, जागा आहे, कुठे जाणार नाही. त्यातली पंधरा मिनिटं कुणी नर्स किंवा टेक्निशियन त्याच्याजवळ बसू शकते. बांडुरांची मोजण्याची पद्धत सोपी आहे: नेमकं काम सांगायचं आणि शून्य ते शंभरमध्ये खात्री विचारायची. ‘काका, पाहुण्यांबरोबर रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गेलात, तर शिकंजी न पिता परत येण्याची खात्री किती?’ काका म्हणाले तीस, तर रागवायचं नाही. काम लहान करायचं: दोन घोट चालतील, पण ते दिवसाच्या पाण्यात मोजायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचे. आता किती? सत्तर म्हणाले, तर तेच काम त्या आठवड्याचं. पुढच्या डायलिसिसला वजन घ्यायचं, वही बघायची, आणि पुन्हा विचारायचं.