नवसागर: नावात समुद्र, जन्म चुलीत

सालवड गावाच्या एका अंगाला बोईसर-तारापूरचे कारखाने आणि पश्चिमेला, फार लांब नाही, नवापूरचा समुद्र. मिठागरं पाहत वाढलेल्या किनाऱ्यावरच्या माणसाला 'नवसागर' हेही समुद्राचंच मीठ वाटलं तर नवल नाही. पण या शब्दातला सागर समुद्राचा नाही.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याजवळची पांढरी पूड. पितळेचं पातेलं विस्तवावर तापलं की तो त्यात ही पूड टाकतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवतो. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. उष्णतेनं नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला दुसरा धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर काढतो. मग २३२ अंश सेल्सियसला वितळणारं कथील त्या स्वच्छ पितळेला घट्ट धरतं.

फारसीत या क्षाराला 'नौशादर' म्हणतात, हिंदीत 'नौसादर'. संस्कृत रसग्रंथांत तो 'नवसार' किंवा 'नरसार' होतो. 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ त्याला 'साधारण रस' नावाच्या आठ द्रव्यांच्या गटात बसवतो. मराठीत 'नवसार'ही आहे. पण रुळला तो 'नवसागर'. परक्या शब्दात कानाला ओळखीचा सागर ऐकू आला आणि जिभेनं तोच धरला.

त्याचं आणखी एक संस्कृत नाव मात्र थेट जन्मखूण सांगतं: चूलिकालवण. म्हणजे चुलीचं मीठ. विटांच्या भट्टीत हा क्षार मिळतो, असं रसग्रंथ नोंदवतात. इजिप्तमध्ये उंटाच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून, त्यांच्या काजळीतून तो काढत. तापला की याची वाफ होते आणि थंड जागी ती पुन्हा पांढरी होऊन बसते, म्हणून तो धुराच्या वाटेवर सापडतो.

युरोपातही नावानं असाच प्रवास केला. लिबियाच्या वाळवंटातल्या आमोन देवाच्या देवळाजवळच्या साध्या मिठाला मिळालेलं नाव पुढे या क्षाराला चिकटलं. त्यावरूनच १७८२ मध्ये टोर्बर्न बर्गमन या स्वीडिश रसायनज्ञानं त्यातल्या वायूला 'अमोनिया' म्हटलं. तारापूरच्या कामगाराच्या तोंडी आज सहज येणारा हा शब्द मुळात एका देवाचा आहे.

कल्हईवाले आता क्वचित दिसतात. पण घरात कल्हईचं पातेलं असेल, तर त्याची चकाकी एकदा नीट पाहा. चुलीच्या धुरात जन्मलेल्या मिठानंच त्या भांड्याला पुन्हा चुलीवर चढण्याजोगं केलेलं असतं.