बावन्न वजा सत्तावीस

फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण असते आणि वर्गातल्या काही मुलांच्या पाटीवर उत्तर येते ३५. ही चूक निष्काळजीपणाची नसते. एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ दिसले की मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आणि ५ लिहिते. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले की ३ उरतात. आपल्यापरीने त्याने नियम पाळलेलाच असतो. मराठीत शिकणाऱ्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. ‘सत्तावीस’ म्हणताना कानावर आधी सात येतो आणि मग वीस, पण लिहायचा असतो आधी २. म्हणून काही मुले सत्तावीसचे ७२ करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यामागची कारणे जाहीरपणे समजावून सांगावी लागली. मूल नेमके कुठे अडते, हे रोज डोळ्यांनी पाहणारी माणसे मात्र वर्गांत होती. त्यांनी एकत्र बसून आपापली निरीक्षणे ताडून पाहावीत आणि उपाय वर्गात करून बघावा, अशी सवय आपल्या शिक्षणव्यवस्थेने शिक्षकांना लावलेली नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणातली खरी उणीव इथे आहे.

प्रशिक्षणे कमी होतात असे मुळीच नाही. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आले, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. पण बहुतेक प्रशिक्षणांचा साचा जुनाच आहे. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर आशय थोडा पातळ होतो. शेवटच्या पायरीवरचा शिक्षक सभागृहात ऐकलेले घेऊन वर्गात परततो, तेव्हा तो एकटाच असतो. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षे याच मुद्द्यावर एक प्रयोग झाला. मातृभाषेतून वाचन शिकवणाऱ्या एका गटातील शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले गेले. दुसऱ्या गटाला पाठ आणि साहित्य तेच मिळाले, पण मार्गदर्शक त्यांच्या वर्गात जाऊन सोबत करत होते. दुसऱ्या गटातील मुलांच्या वाचनात पहिल्या गटाच्या साधारण दुप्पट सुधारणा दिसली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बाहेरचा मार्गदर्शकही नव्हता. एखादे कौशल्य नीट न जमणाऱ्या शिक्षकाची जोडी ते जमणाऱ्या त्याच शाळेतल्या सहकाऱ्याशी लावून दिली, आणि त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले.

या सोबतीला सर्वांत शिस्तबद्ध रूप जपानने दिले. तिथे मेइजी काळापासून रुजलेल्या पद्धतीला ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांनी जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ पाठांच्या चित्रफितींच्या आधारे १९९९ मध्ये ‘द टीचिंग गॅप’ हे पुस्तक लिहिले आणि जगाचे लक्ष या पद्धतीकडे गेले. काही शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात. त्यांच्यातला एक तो पाठ खऱ्या वर्गात घेतो, बाकीचे मुलांजवळ उभे राहून त्यांच्या वह्या पाहतात, बोलणे ऐकतात आणि नंतर सगळे मिळून चर्चा करतात. चर्चा किती बारकाईची असते, हे वजाबाकीच्याच उदाहरणावरून कळेल. हातच्याची ओळख १२ वजा ९ ने करायची की १२ वजा ३ ने? पहिल्यात मूल दहातून नऊ काढून उरलेला एक त्या दोनात मिळवते, म्हणजे दशक सुटा करण्याची कल्पना त्याच्या हाती लागते. दुसऱ्यात ते बोटांवर तीन घरे मागे मोजते आणि हातच्याची गरजच पडत नाही. आकडा बदलला की मुलाच्या विचाराची वाट बदलते. हे ज्ञान पुस्तकाच्या मार्गदर्शिकेत एका ओळीत देता येईल, पण मुलांच्या हालचालीत ते ओळखू येण्यासाठी सहकाऱ्यांसोबत बसून पाहावे लागते.

महाराष्ट्राला यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. जवळच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने काम करावे, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मांडली होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले आणि केंद्राची मासिक शिक्षण परिषद रूढ झाली. तिचे मोल लहान शाळांच्या संदर्भात विशेष आहे. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये साधारण पंधरा हजार होत्या आणि त्यांतल्या बहुतेक द्विशिक्षकी. तिथे एकजण पहिली-दुसरी सांभाळतो, दुसरा तिसरी-चौथी. हातच्याची वजाबाकी शिकवणारा दुसरा माणूस त्या गावात नसतोच. अशा शिक्षकासाठी केंद्र हीच खरी शिक्षकखोली. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे काही केंद्रांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ही शक्यता दाखवून दिली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर राज्यभरातले शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहून शिकावे, याचे इतके मोठे उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल. त्यातून धडाही मिळतो. पाहून आलेले पुष्कळदा तिथल्या वर्गांतल्या फरशीवरच्या रंगीत आखणीपुरतेच उरले. ती आखणी ज्या चर्चेतून सुचली, ती चर्चा पाहुण्यांना सोबत नेता आली नाही. ती प्रत्येक केंद्राला आपली आपणच करावी लागते.

यावरचा पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य करते, पण पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती यांतही शिक्षकाचा दिवस जातो. म्हणूनच नवा उपक्रम लादण्याऐवजी शिक्षण परिषदेचाच वेळ वापरला पाहिजे. परिपत्रके मोबाइलवर आधीच पोचलेली असतात. ती वाचून दाखवण्यात जाणारा तास वर्गाला देता येईल. दुसरी भीती तपासणीची. आपल्याकडे वर्गात मागे येऊन बसणारा माणूस शेरा लिहिणाराच असतो, हा अनुभव पिढ्यांचा आहे. तेव्हा नियम स्पष्ट हवा. निरीक्षण मुलांचे करायचे, शिक्षकाला गुण द्यायचे नाहीत आणि त्या दिवसाची कोणतीही नोंद गोपनीय अहवालात जाणार नाही. पहिला पाठ केंद्रप्रमुखांनी स्वतः घेतला, तर ही भीती कोणत्याही आदेशापेक्षा लवकर ओसरेल.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनने पाठ-अभ्यासाच्या एका कार्यक्रमाची मोठी चाचणी घेतली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार मुलांच्या गणितात किंवा वाचनात त्याचा परिणाम दिसला नाही. तुलनेसाठी घेतलेल्या काही शाळांतही शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहत होते, हे खरे. पण तेवढे सांगून हा निष्कर्ष बाजूला सारता येणार नाही. शिक्षक एकत्र बसले म्हणजे आपोआप शिकले, असे होत नाही, हे तो बजावतो. चर्चेत विषयाची खोल जाण असलेले कोणीतरी लागते. ते नसेल तर गैरसमजांचीच देवाणघेवाण होते. जपानमध्ये चर्चेच्या शेवटी बोलायला असा जाणकार मुद्दाम बोलावतात. आपल्याकडे हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे डाएटचे अधिव्याख्याते करू शकतात. त्यासाठी तिथली रिक्त पदे भरावी लागतील आणि अधिव्याख्यात्यांचे महिन्यातले काही दिवस केंद्रांसाठी राखून ठेवावे लागतील. सरकारने पैसा खर्च करायचाच असेल, तर तो इथे करावा.

सुरुवात एका महिन्यात, एका केंद्रात होऊ शकते. परिषद शाळा भरलेली असतानाच ठेवावी. केंद्रातल्या दहाबारा शाळांतून तिसरीच्या पाट्या आणाव्यात, ज्यांवर ५२ वजा २७ चे उत्तर ३५ आहे आणि ज्यांवर सत्तावीसचे ७२ झाले आहेत. त्या टेबलावर मांडून शिक्षकांनी आधी एवढेच ठरवावे की प्रत्येक मुलाने काय विचार केला असेल. मग एकाने केंद्रशाळेच्या तिसरीत चाळीस मिनिटे ते शिकवावे आणि बाकीच्यांनी मुलांच्या पाट्या पाहाव्यात. पुढच्या महिन्यात येताना प्रत्येकाने तोच पाठ आपल्या वर्गात घेऊन झाल्यावरच्या पाट्या आणाव्यात. ३५ लिहिणारी किती मुले २५ वर आली, एवढे जरी मोजले, तरी ते प्रशिक्षण वर्गापर्यंत पोचले की नाही हे सर्वांना कळेल.