सिगारेट सोडताय? डॉक्टरांना आधी कळवा

धूम्रपान सोडलं की फुप्फुसं आणि हृदय सावरू लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. यकृतात त्याच आठवड्यात जो बदल होतो त्याबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही. काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांना तो बदल माहीत असायलाच हवा.

गैरसमज : सिगारेट सुटली तरी गोळ्यांचा डोस तोच राहतो.

वस्तुस्थिती : बहुतेक गोळ्यांचा राहतो, पण सगळ्यांचा नाही. यकृतात सीवायपी १ए२ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. चहा-कॉफीतलं कॅफीन, दम्यावरचं थिओफिलिन, स्किझोफ्रेनियावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचा निचरा मोठ्या प्रमाणात तेच करतं. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरातली काही हायड्रोकार्बनं हे विकर वाढवतात. मग औषध लवकर संपतं आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला बऱ्याचदा जास्त डोस लागतो. धूर थांबला की साधारण आठवडाभरात विकर मूळ पातळीवर येतं. डोस जुनाच राहिला, तर रक्तात औषध साचत जातं. क्लोझापिनची पातळी दीडपटही होऊ शकते. रुग्ण गुंगीत राहतो, लाळ गळते, क्वचित फिटही येते. वॉर्डात धूम्रपानाला बंदी असल्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर हे घडू शकतं आणि नातेवाइकांना वाटतं, आजारच बळावला. घरी परतून पुन्हा बिडी सुरू झाली की उलटं होतं : औषध कमी पडतं आणि आजार डोकं वर काढतो.

गैरसमज : निकोटिनचा पॅच लावला, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

वस्तुस्थिती : येतो. विकर वाढवतो तो धूर, निकोटिन नव्हे. बिडी सोडून तंबाखू-चुन्याकडे वळलं तरी विकर उतरतंच, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका मागे लागतो. पॅच आणि निकोटिनचं च्युइंगम मात्र सोडायला खरंच मदत करतात, ते जरूर वापरावेत.

गैरसमज : सोडल्यावरची तगमग म्हणजे शरीराला सिगारेट हवीच.

वस्तुस्थिती : तलफ असतेच, पण कॅफीनचाही त्यात वाटा असू शकतो. तेवढ्याच कपांतून आता रक्तात जास्त कॅफीन राहतं. झोप उडते, छातीत धडधडतं. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणून पाहा.

गैरसमज : एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे यकृतात काही बदललं नाही.

वस्तुस्थिती : एसजीपीटी हे वेगळं विकर. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतं. सीवायपी १ए२ पेशींच्या आतच काम करतं, नेहमीच्या रिपोर्टात ते दिसत नाही.

यातलं काहीही सिगारेट चालू ठेवायचं कारण नाही. डोस स्वतःहून कमी करू नका; सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, आणि पुन्हा सुरू झालीच तर तेही न लाजता सांगा. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे.