भिशीचे वीस हजार आणि दोन कॅमेरे

"वहिनी, तुमच्याकडे दोन-दोन कॅमेरे आहेत. मला एवढंच सांगा, हा घेऊ का नको?"

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या भिशीतली एक मैत्रीण संध्याकाळी घरी आली आणि चपला काढता काढताच तिने प्रश्न टाकला. हातात दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी होती.

ही मैत्रीण हलव्याचे दागिने करते. संक्रांत जवळ आली की तिच्या घरातली शेगडी दिवसभर विझत नाही. थेंब थेंब पाक सोडत हलव्याला काटा आणायचा, मग त्याचे मुकुट, बासरी, बाजूबंद गुंफायचे. कष्ट दोन महिन्यांचे आणि कमाई मात्र संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी येतात त्या फोटो बघून. नुसत्या दागिन्यांचे नव्हे हं, बोरन्हाणाला दागिने घालून बसलेल्या बाळांचे! आणि तिथेच घोडं अडायचं. बोरन्हाण असतं संध्याकाळी, घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात. बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओतले की बाळ एका जागी बसतंय थोडंच? तिच्या जुन्या मोबाइलमध्ये मुकुट तेवढा यायचा, बाळाचा चेहरा पुसल्यासारखा.

तिला भिशी लागली होती. त्यातले वीस हजार तिने कॅमेऱ्यासाठी बाजूला काढले. दुकानदाराने वापरलेला सुपरझूम सुचवला. "८३ पट झूम आहे ताई, चंद्रावरचे खड्डे दिसतील. डीएसएलआर आता जुने झाले," असं म्हणाला. गंमत म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं मॉडेल माझ्याकडे होतंच. मी म्हटलं, "आठ दिवस थांब. पैसे कुठे पळून जात नाहीत. आधी घरीच परीक्षा घेऊ."

आता माझ्या दोन कॅमेऱ्यांविषयी. पहिला निकॉन डी ४०. हा २००६ च्या शेवटी बाजारात आला, मी २००७ मध्ये घेतला. फक्त ६ मेगापिक्सेलचा. हा डीएसएलआर, म्हणजे याची लेन्स काढून दुसरी लावता येते. आतल्या आरशामुळे डोळा लावला की समोरचं दृश्य थेट लेन्समधूनच दिसतं. दुसरा निकॉन पी ९००, २०१५ चा, १६ मेगापिक्सेलचा. असल्या कॅमेऱ्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, पण लेन्स कायमची जोडलेली. खिशातला छोटा कॅमेरा आणि डीएसएलआर यांच्यामधला पूल म्हणून ब्रिज.

पी ९०० मी घेतला तो पक्ष्यांपायी. भिगवणला, उजनी धरणाच्या पाणलोटावर, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तेच ते गुलाबी पंखांचे फ्लेमिंगो. नाव फार जवळ नेली तर थवा उडतो. माझ्या डीएसएलआरवरच्या नेहमीच्या १८-५५ लेन्सने पक्षी म्हणजे पाण्यावर सांडलेले तांदळाचे दाणे! ब्रिज कॅमेऱ्याने मात्र लांबूनच रोहिताची वाकडी चोच आणि डोळा दिसला. फिल्म कॅमेऱ्याच्या मापात सांगायचं तर २४ ते २००० मिलिमीटर, आणि सगळं मिळून वजन ९०० ग्रॅम. डीएसएलआरला एवढी पोहोच द्यायची तर लेन्सच उचलवणार नाही, किंमत तर विचारूच नका. त्यामुळे दुकानदार झुमबद्दल खोटं बोलत नव्हता. प्रश्न एवढाच, की माझ्या मैत्रिणीला चंद्र हवा होता की बाळ?

पहिली परीक्षा झाली दुपारी, खिडकीपाशी. काळ्या साडीवर हलव्याचा हार मांडला. इथे ब्रिज कॅमेऱ्याने बाजी मारली. त्याची लेन्स वस्तूच्या पार जवळ, अगदी एक सेंटिमीटरपर्यंत नेता येते. हलव्याचा एकेक काटा उमटला. पडदा बाहेर काढून वळवता येतो, त्यामुळे वाकावं लागलं नाही. डी ४० चा पडदा फोटो काढल्यावरच चित्र दाखवतो. त्याआधी डोळा लावायचाच. माझ्या कमरेने तेव्हाच मत देऊन टाकलं!

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे झाली. काळी साडी जास्त आणि पांढरा हलवा थोडा, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे. त्याने उजेड वाढवला आणि हलवा नुसता पांढराफटक दिसू लागला. अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं ना, त्याने उजेड एक घर उणे केल्यावर काटे परत दिसले. ही युक्ती मोबाइललाही लागू पडते. पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करायचा.

मैत्रीण खूश. "म्हणजे हाच घेऊ ना?" मी म्हटलं, "गुरुवार येऊ दे."

गुरुवारी आमच्याकडे महालक्ष्मीचं हळदीकुंकू होतं. शेजारणी आल्या आणि त्यांच्या मागे पोरंही. दिवाणखान्यात एक ट्यूब आणि देवापुढे समई. मैत्रिणीने शेजारच्या दोन वर्षांच्या पोराला मुकुट घातला. मी ब्रिज कॅमेऱ्याने फोटो काढले. भिंत स्वच्छ, समई स्वच्छ, पण पोराच्या जागी धुरकट पट्टा! कॅमेऱ्याने सेकंदाचा तिसावा भाग दार उघडं ठेवलं होतं आणि तेवढ्यात पोराने मान वळवली होती. मोठ्या आकड्याचा आयएसओ लावून वेळ कमी केला, तर गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके. या कॅमेऱ्यात हात हलला तर सावरणारी सोय उत्तम आहे. पण ती आपला हात सावरते, समोरचं पोर नाही.

मग डी ४० काढला, त्याची १८-५५ लेन्स लावून. आणि खरं सांगते, फोटो काही फार बरे आले नाहीत. हलले ते हललेच. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी कपाटातून दुसरी छोटी लेन्स आणली, ३५ मिलिमीटरची, १.८ वाली. हिला झूम अजिबात नाही. जवळून हवं असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. ती लावली, आणि त्याच ट्यूबच्या उजेडात सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात फोटो निघाला. पोर हसत होतं, मुकुट तिरका झाला होता आणि समईची ज्योत त्याच्या डोळ्यात दिसत होती. मैत्रीण काही बोलली नाही. पडदा पदराने पुसून पुन्हा बघत राहिली.

असं का झालं? पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. पाऊस सारखाच, पण परातीत पाणी जास्त साठतं. कॅमेऱ्यात उजेड साठवणारा तुकडा म्हणजे सेन्सर. डी ४० चा सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा. ब्रिज कॅमेऱ्यातला जेमतेम ६ बाय साडेचार. म्हणजे क्षेत्रफळात सुमारे तेरा पट फरक. एवढा झूम आटोपशीर लेन्समध्ये बसवायचा तर सेन्सर छोटाच ठेवावा लागतो. हा कोणत्या कंपनीचा दोष नव्हे, अशा रचनेचा स्वभावच आहे. नवा सेन्सर जास्त हुशार असतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. म्हणूनच नेहमीची लेन्स लावलेला जुना डीएसएलआर फार पुढे गेला नाही. पण मोठ्या तोंडाची लेन्स बसवता आली आणि परातीवरचं झाकणच निघालं. जुन्या कॅमेऱ्याची खरी श्रीमंती ही, की त्याची लेन्स बदलता येते.

राहिले मेगापिक्सेल. दुकानात सगळे आधी तेच विचारतात. डी ४० चे ६ मेगापिक्सेल म्हणजे १० बाय ६ इंचाचा सुबक प्रिंट सहज निघतो. मोबाइलवर फोटो पाठवायला तर तेवढेही लागत नाहीत.

"मोबाइल नवा घेतला तर?" असंही तुम्ही विचाराल. नवे मोबाइल पटापट अनेक फोटो काढून त्यांचा एक करतात, त्यामुळे बसलेल्या माणसाचा फोटो रात्रीही छान येतो. हलणाऱ्या बाळाशी मात्र त्यांचीही बऱ्याचदा तारांबळ उडते.

म्हणून मैत्रिणींनो, वापरलेला कॅमेरा घेताना आधी स्वतःला विचारा, मला फोटो कशाचा काढायचाय? लांबचा पक्षी, मुलाची मैदानावरची शर्यत, सहलीतला डोंगर, भर दिवसाचं सगळं असेल तर ब्रिज कॅमेरा सोयीचा. घरातलं कार्य, संध्याकाळ, हलती माणसं असतील तर जुना डीएसएलआर आणि उजेडाची लेन्स. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर घेऊ नका. आणि लेन्स त्या कॅमेऱ्यावर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डी ४० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या लेन्सवर फोकस हातानेच फिरवावा लागतो. कार्डही ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, त्यापुढचं त्याला चालत नाही. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

माझा डी ४० गेली काही वर्षं कपाटात पडून होता. मोडीत काढायचाही विचार झाला होता. तो आणि ती छोटी लेन्स मी मैत्रिणीच्या हातात दिली. फुकट घ्यायला ती तयार होईना. "वहिनी, फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही," म्हणाली. शेवटी सौदा ठरला. माझ्या नातीचं यंदा पहिलं बोरन्हाण होतं, तिचा मुकुटापासून पैंजणापर्यंत सगळा साज तिने करायचा. भिशीच्या पैशातून तिने एक जादा बॅटरी आणि कार्ड घेतलं. उरलेल्यात साखर आणि दोन पितळी पराती आल्या.

नातीच्या बोरन्हाणाला फोटो तिनेच काढले. बोरं उधळली तेव्हा माझी नात दोन्ही हात वर करून ओरडत होती. तो फोटो आता मैत्रिणीच्या मोबाइलवर सगळ्यात वर असतो, गिऱ्हाइकांना दाखवायला. मला हवा तेव्हा मागून घ्यावा लागतो!