घरगुती वेल्डिंगचें यंत्र तापून कां थांबतें?

पाभरीचा फण, ट्रॉलीचा फाळका किंवा गोठ्याचें फाटक मोडलें असतां पूर्वीं तालुक्याच्या गांवीं खेप घालावी लागे. आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं लहान इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र आलें असून हीं कामें घरींच उरकतात. परंतु ऐन पेरणीच्या घाईंत यंत्र तापतें, पिवळा दिवा लागतो व काम अडून बसतें. अशा वेळीं कोणी यंत्र बिघडलें असें समजून दुरुस्तीस धाडतात. कोणी आंतील थर्मोस्टॅट नांवाची, उष्णता वाढतांच प्रवाह तोडणारी कळच निकामी करवितात. वस्तुतः बहुधा दोष यंत्राच्या पोटांत नसून वापरण्याच्या रीतींत असतो. तो क्रमानें कसा शोधावा हें आम्ही येथें सांगत आहों.

प्रथम यंत्रावरील पट्टी वाचावी. तींत 'ड्यूटी सायकल' म्हणून शेंकड्याचा एक आंकडा असतो. दर १० मिनिटांपैकीं किती वेळ सांधणी करावी, हें तो सांगतो. २०० अँपिअरवर शेंकडा २० असें लिहिलें असेल, तर २ मिनिटें सांधणी व ८ मिनिटें विसांवा असा त्याचा अर्थ. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सबब प्रवाह निम्मा, म्हणजे १०० अँपिअर ठेविल्यास उष्णता सुमारें चौथाईवर येते, व तेंच यंत्र १० पैकीं सुमारें ८ मिनिटें चालूं शकतें. २.५ मिलिमीटरच्या रॉडास ६० ते ९० व ३.१५ मिलिमीटरच्या रॉडास ९० ते १३० अँपिअर साधारणतः पुरतात. पातळ पत्र्यास जाड रॉड लावून प्रवाह वाढविणें व्यर्थ होय. शिवाय हा आंकडा बहुधा ४० अंश सेंटिग्रेड हवेस धरून दिलेला असतो. विदर्भ-मराठवाड्यांतील वैशाखांत सावलींतही पारा त्यावर चढतो. म्हणून तेव्हां सकाळीं, सावलींत काम करावें व विसांवा अधिक द्यावा.

इतका विसांवा देऊनही यंत्र लवकर थांबत असेल, तर हवेची वाट पाहावी. यंत्र भिंतीस टेकून किंवा पोत्यावर ठेवूं नये. सर्व बाजूंस हातभर जागा मोकळी असावी. ग्राइंडरचा लोखंडी कीस पंखा आंत ओढतो, म्हणून ग्राइंडर दूर चालवावा. सांचलेली धूळ प्लग काढून, कांहीं वेळ थांबून, कोरड्या हवेच्या मंद झोतानें जाळीबाहेरूनच उडवावी. झांकण उघडूं नये. प्लग काढल्यावरही आंतील कपॅसिटरांत कांहीं काळ वीज राहते.

तिसरी गोष्ट विजेचा दाब. शिवारांतले पंप चालू असतां दाब उतरतो. २३० व्होल्टांच्या जागीं १८० व्होल्ट मिळाले, तर तेवढेंच काम करण्यास यंत्र सुमारें सव्वापट प्रवाह ओढतें, आणि वीज घेणाऱ्या भागांत उष्णता दीडपटीहून अधिक होते. दाब मोजावयाचा तो रॉड जळत असतांना मोजावा. रिकाम्या यंत्राचा आंकडा फसवा असतो. जोडवायर २.५ चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी, लांब अंतरास ४ ची घ्यावी, व तिचें वेटोळें पूर्ण सोडावें.

चौथी गोष्ट सांधे. यंत्र थंड, पण केबलचें टोक किंवा चिमटा पोळत असेल, तर दोष तेथेंच आहे. प्लग काढून सांधे घट्ट करावे व चिमटा लावण्याची जागा गंज-रंग खरवडून चकचकीत करावी.

पिवळा दिवा लागतांच यंत्र बंद करूं नये. रॉड बाजूस ठेवून पंखा चालूं द्यावा व दिवा विझल्यावरच काम धरावें. मात्र पंखा फिरत नसेल, थंड यंत्रावरही दिवा जळत असेल किंवा करपट वास येत असेल, तर प्लग काढून जाणत्या कारागिराकडेच जावें.

थर्मोस्टॅट निकामी करणें मात्र कोणत्याही घाईंत क्षम्य नाहीं. त्यानें घटकाभर काम पुढें सरकेल. परंतु आंतील भाग जळतील, आणि शेजारीं कडब्याची गंजी असली तर आगीस निमंत्रणच. थांबणारें यंत्र आपलें काम चोख करीत आहे. त्याचें म्हणणें ऐकावें.