श्वानांतील वियोगचिंता : दरेकसा परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

पाळलेला कुत्रा एकटा राहिला असता विव्हळतो, दार ओरबाडतो, अन्नास तोंड लावीत नाही, ही गोष्ट कोणास नवीन नाही. पूर्वी या वर्तनास दोन नावे दिली जात. कौतुक करावयाचे असल्यास ती स्वामिनिष्ठा ठरे आणि शेजाऱ्यांची तक्रार आल्यास खोड ठरे. आधुनिक पशुवर्तनशास्त्र त्याकडे भीतीचा एक प्रकार म्हणून पाहते व त्यास 'वियोगचिंता' असे म्हणता येईल. नावाचा हा फरक केवळ शाब्दिक नाही, कारण नाव बदलले की उपायही बदलतो.

प्रस्तुत विवेचनासाठी गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे एक लहानसे स्टेशन. येथून पूर्वेस थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते आणि छत्तीसगडातील डोंगरगड लागते. भोवती डोंगर व जंगल. जवळच हाजरा धबधबा, आणि माघ पौर्णिमेस जेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते ती कचारगडची गुहा. हे ठिकाण निवडण्याचे कारण असे की, कुत्रा सांभाळण्याच्या दोन भिन्न रीती अशा गावात शेजारी शेजारी नांदतात.

पहिली रीत शेतकऱ्याच्या घरची. कुत्रा मोकळा असतो. तो धन्यामागे बांधीपर्यंत जातो, उन्हाळ्यात मोहफुले वेचावयास निघालेल्या माणसांसोबत रानात जातो, नाही तर ओसरीवर पडून राहतो. घरची मंडळी बाहेर गेली तरी गल्लीतील पोरे, म्हातारी माणसे व इतर कुत्री असतातच; तेव्हा खऱ्या अर्थाने एकटा तो क्वचितच असतो. दुसरी रीत नोकरदाराची. रेल्वे, वनखाते किंवा शाळा यांतील नोकरीमुळे परगावाहून आलेले कुटुंब दोन खोल्यांत राहते, कुत्रा दाराआड किंवा साखळीस असतो आणि त्याचे सर्व जग एका-दोन माणसांत सामावलेले असते. वियोगचिंतेचा विकार बहुधा या दुसऱ्या रीतीत आढळतो. यावरून गावठी कुत्र्यास माया कमी असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांवर केलेले प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडत गेली, तेव्हा त्या कुत्र्यांना खाद्यापेक्षा पाठीवरून फिरणारा हात अधिक प्रिय वाटला, असे त्यांत दिसून आले. माया उभयतांस सारखीच असते. ती किती ठिकाणी वाटलेली आहे, यावर पुढचे अवलंबून राहते.

स्टेशनाचा उल्लेख आला की जपानमधील हाचिको या कुत्र्याची आठवण होणे साहजिक आहे. त्याचा धनी प्राध्यापक उएनो हा मे 1925 मध्ये मरण पावला आणि त्यानंतर 1935 च्या मार्चमध्ये स्वतः मरेपर्यंत हाचिको टोकियोच्या शिबुया स्टेशनावर त्याची वाट पाहावयास येत राहिला. जगाने त्याचा पुतळा उभारला. परंतु अभ्यासकाने येथे एक भेद ध्यानी घ्यावा. हाचिको मोकळा होता, स्टेशनावरील लोक त्यास खाऊ घालीत, आणि तो वाट पाहत असे. बंद खोलीत दाराची चौकट चावून हिरड्या रक्तबंबाळ करून घेणारा कुत्रा वाट पाहत नसतो. तो घाबरलेला असतो.

या भयाचे मूळ कोठे आहे? मेरी एन्सवर्थ या विदुषीने आई व तान्हे मूल यांच्यातील बंध तपासण्यासाठी एक प्रयोगपद्धती बसविली होती. आई अनोळखी खोलीतून काही क्षण निघून जाते व परत येते. त्या वेळचे मुलाचे वर्तन टिपावयाचे. बुडापेस्टच्या टोपाल, मिक्लोशी, चानी आदी संशोधकांनी 1998 साली हीच पद्धती धनी व कुत्रा यांच्या 51 जोड्यांवर वापरली. धनी जवळ असता कुत्री खोली हुंगत, परक्याशीही खेळत. तो जाताच त्यांचे लक्ष दारास खिळे. म्हणजे धनी हा कुत्र्यास केवळ अन्नदाता नसून, ज्याच्या आधारावर जगाकडे निर्भयपणे पाहता येते असा आश्रय असतो. हा बंध निरोगीच आहे. आश्रय दूर गेला तरी तो परत येतो, हा अनुभव ज्या कुत्र्यास हळूहळू मिळालेला नसतो, त्याच्या ठायी विकार उद्भवण्याचा संभव असतो. घर बदलणे, घरातील माणूस जाणे, दीर्घ सहवासानंतर अकस्मात एकटे पडणे ही नेहमीची निमित्ते. 2020 मधील टाळेबंदीत अहोरात्र माणसांत वाढलेल्या पिलांवर कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा हाच प्रसंग आला.

लक्षणे ओळखताना घाई करू नये. खरा विकार धनी गेल्यानंतर लवकरच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात प्रकट होतो: अखंड रडणे, धाप, लाळ, येरझाऱ्या, दाराखिडक्यांची नासधूस, एरवी शिस्त पाळणाऱ्या जनावराने घरातच मलमूत्र विसर्जन करणे. आवडीचे खाद्य पुढे असून न खाणे ही विशेष अर्थपूर्ण खूण होय. उलट, दुपारभर झोपून मग कंटाळ्याने चप्पल चावणारा, मालगाडीच्या आवाजावर भुंकणारा किंवा मूत्रविकाराने त्रस्त झालेला कुत्रा वेगळा. मोबाइल खिडकीत ठेवून आपल्या पश्चात काय घडते त्याचे चित्रण करावे. एका चित्रणाने पुष्कळ तर्कवितर्क मिटतात.

धनी परतताच कुत्रा कान पाडून, मान खाली घालून उभा राहतो, त्या अर्थी त्यास आपला अपराध कळतो, अशी समजूत सार्वत्रिक आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली या समजुतीची परीक्षा घेतली. 'अपराधी' मुद्रा कुत्र्याने आगळीक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हती, तर धनी रागावला की नाही यावर होती. सबब परतल्यावर मारल्याने कुत्रा काही शिकत नाही. धन्याचे जाणे आधीच भीतिदायक होते; आता त्याचे येणेही तसे होते.

उपाय सोपा आहे, परंतु चिकाटी मागणारा आहे. तो असा की, कुत्रा घाबरण्यापूर्वीच परत यावयाचे. समजा, स्टेशनावरील एखादा कर्मचारी पाळीवर निघतो. गणवेश चढविणे, डबा उचलणे, कुलपाची किल्ली वाजणे या खुणा कुत्र्यास पाठ झालेल्या असतात आणि त्याचे भय तेथूनच सुरू होते. म्हणून प्रथम काही दिवस डबा उचलून पुन्हा ठेवावा, किल्ली वाजवून खाली बसावे. खुणेचा अर्थ असा बोथट होत जातो. मग दाराबाहेर पाऊल टाकून पाच सेकंदांत परतावे. पाचाचे दहा, दहाचे तीस, मग मिनिटे. मुदत सरळ वाढवीत न नेता मधूनच कमी करावी. जाताना तणसात पोळीचे तुकडे विखरून द्यावे, म्हणजे ते हुंगून शोधण्यात त्याचे मन रमते. कुत्रा रडू लागल्यास मुदत फार लांबली असे समजून मागच्या पायरीवर यावे. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाचा पल्ला सर्वांत कठीण. दीड तास जो स्वस्थ राहतो तो पुढचे तास बहुधा निभावतो. हा अभ्यास चालू असेपर्यंत त्यास दीर्घ काळ एकटे न सोडणे अगत्याचे आहे, आणि शेजाराची खरी गरज येथे पडते. यात्रेच्या गर्दीगोंगाटात अभ्यासाचा आरंभ न करणे बरे.

एका उपायाविषयी मात्र सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. घराची नासधूस टळावी म्हणून कुत्र्यास बाहेर साखळीने बांधतात. घाबरलेले जनावर साखळीत अधिकच घाबरते, गळ्यास इजा करून घेते; आणि या जिल्ह्याच्या जंगलात बिबट्या आहे. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा त्याच्यापुढे सर्वस्वी असहाय असतो.

विकार तीव्र असल्यास औषधाची जोड द्यावी लागते. क्लोमिप्रामिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे यासाठी वापरात आहेत. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि वर सांगितलेल्या अभ्यासावाचून ती एकटी पुरी पडत नाहीत. ती पशुवैद्यानेच द्यावयाची. माणसांसाठी आणलेल्या गोळ्या अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

राहता राहिला प्रश्न तो धानाचा हंगाम संपल्यावर कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांचा. येथे वियोग तासांचा नसून महिन्यांचा असतो आणि सेकंदांचा अभ्यास त्यास पुरा पडणार नाही. या बाबतीत बुडापेस्टच्याच गाची व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण उपयोगी आहे. आश्रयगृहातील प्रौढ कुत्र्यांना एकाच माणसाचा दहा-दहा मिनिटांचा सहवास तीन वेळा मिळाला, तेवढ्यानेही त्या माणसाविषयी बंधाची चिन्हे त्यांच्यात दिसू लागली. प्रौढ कुत्रा नवा आश्रय जोडू शकतो, आणि तेही लवकर. तेव्हा निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, ज्या शेजाऱ्याकडे कुत्रा राहावयाचा त्याच्याच हातून त्यास जेवण मिळावे. त्याने त्यास रानात फिरवून आणावे. काही रात्री कुत्रा त्याच्या ओसरीवर निजावा आणि आपले अंथरुणाचे फडके तेथे असावे. धान्याचा वाटा व रेबीजच्या लसीची तारीख शेजाऱ्याशी आधीच बोलून ठरवावी. निघण्याच्या पहाटे कुत्रा शेजाऱ्याच्या घरी असावा. त्याला स्टेशनापर्यंत मागोमाग येऊ देऊ नये, कारण गाडी सुटल्यावर तो रुळांवरून धावत सुटतो.