यादी आधी, कॉम्प्युटर शेवटी: छोट्या ऑफिसच्या अपग्रेडचा प्लॅन



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "सर, ऑफिसचे कॉम्प्युटर जुने झालेत, विंडोज १० पण बंद झालं म्हणतात. सगळे एकदम बदलू का? किती खर्च धरू?" व्हिडिओत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. इथे पायरीपायरीने लिहितो, म्हणजे कागद-पेन घेऊन बसता येईल.

सुरुवात आपल्या विक्रोळीपासूनच करू. विक्रोळी म्हटलं की गोदरेज. या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. पुढे कित्येक वर्षं सरकारी ऑफिसं, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, टायपिंग क्लास, सगळीकडे तो खडखडत होता. मग कॉम्प्युटर आले, मागणी आटली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलं. आता लक्षात घ्या, त्या दिवशी लोकांच्या टेबलावरचे टाइपरायटर काही बंद पडले नाहीत. ते चालूच होते. पण हळूहळू रिबन मिळेना, पार्ट मिळेना, दुरुस्त करणारा माणूस मिळेना.

विंडोज १० चं अगदी तसंच झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा फुकट सपोर्ट थांबवला. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा कॉम्प्युटर सुरू झालाच असेल. फरक एवढाच की यापुढे त्यात नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. बँकेचं लॉगिन, जीएसटीचं लॉगिन, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळं त्याच मशीनवर असतं. व्यवसायांसाठी पैसे भरून तीन वर्षांपर्यंत सुरक्षा अपडेट घ्यायची सोय आहे. पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, आणि दर वर्षी रक्कम दुप्पट. म्हणजे ही सोय वेळ विकत घेण्यापुरती. कायमचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नका.

म्हणून घाई करायची का? नाही. आधी माझीच एक फजिती ऐका.

माझ्याकडून काय चुकलं

काही वर्षांपूर्वी माझ्या छोट्या ऑफिसातली चारही मशीन मी एकाच दिवशी बदलली. तीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात! बॅकअप घेतला होता, पेनड्राइव्ह खिशात होता, मी निवांत. नव्या मशीनवर पेनड्राइव्ह लावला आणि पोटात गोळा आला. ऑफिसातल्या मुलाने कॉपी केलं होतं ते अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं डेस्कटॉपवरचं शॉर्टकट. डेटा नव्हताच. नशिबाने जुन्या मशीनची डिस्क अजून पुसली नव्हती, म्हणून वाचलो. दुसरं, सर्टिफिकेटच्या सगळ्या मराठी फाइल उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांची भेळ. जुना फॉन्ट नव्या मशीनवर कोणी टाकलाच नव्हता. आठवडाभर आम्ही धंदा सोडून हेच निस्तरत होतो.

मशीन चांगली होती, दुकानदारही चांगला होता. चूक माझ्या क्रमात होती. मी मशीनपासून सुरुवात केली. खरा क्रम असा आहे: आधी काम, मग सॉफ्टवेअर, मग डेटा आणि सगळ्यात शेवटी मशीन.

पायरी १: कामाची यादी

लॅमिंग्टन रोडला कोटेशन मागायला जाण्याआधी एक कागद घ्या आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर होणारं प्रत्येक काम लिहा. बिल बनवणं, ई-वे बिल, हिशेब, डिझाइन, पगार, टेंडर भरणं. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, त्याला जोडलेलं यंत्र कोणतं आणि ते काम एक दिवस थांबलं तर काय अडेल.

इथेच लपलेल्या अडचणी बाहेर येतात:

- जुनं बिलिंग सॉफ्टवेअर. विंडोज ११ फक्त ६४-बिट मध्येच येतं. डॉसच्या काळातले, फॉक्सप्रोमध्ये बनवून घेतलेले बरेचसे प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाहीत.
- प्रिंटर, बारकोड स्कॅनर, कटिंग मशीन. त्यांचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का, ते कंपनीच्या वेबसाइटवर आधी बघा.
- डिजिटल सिग्नेचरचा टोकन. यालाही ड्रायव्हर लागतो. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे कळलं तर टेंडर गेलं समजा.
- मराठी फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर तो फॉन्ट नव्या मशीनवर हवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.
- लायसन्स. टॅलीचं लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना आधी जुन्या मशीनवर 'सरेंडर' करायचं असतं. जुनं मशीन विकून झाल्यावर ही आठवण येऊन उपयोग नाही.
- ओटीपी. ई-वे बिल, बँक, ईमेल, यांचे ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतात? नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या तर नाही ना?

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याचा माग, चालू ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या जुन्या आवृत्तीत ती सोय आहे का, सीएला विचारा.

पायरी २: मशीनचे तीन ढीग

आता प्रत्येक मशीनची माहिती लिहा: घेतल्याचं वर्ष, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क की एसएसडी. विंडोज ११ साठी ढोबळ नियम असा: इंटेल असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. ४ जीबीवर ते सुरू होईल, पण माणूस वैतागेल. ऑफिसकामाला ८ जीबी धरा, डिझाइनला १६. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट अॅप आहे, ते चालवलं की मशीन पास की नापास लगेच कळतं.

मग ढीग करा: ठेवायचं, सुधारायचं, बदलायचं.

समजा, एलबीएस रोडलगत एका गाळ्यात तुमचं पॅकेजिंगचं युनिट आहे आणि सहा कॉम्प्युटर आहेत.

१. मालकाचा लॅपटॉप, २०२१ चा. चाचणीत पास. ओरिजिनल विंडोज १० असेल तर ११ वर जायला पैसे लागत नाहीत. ठेवा.
२. डिस्पॅचचा डेस्कटॉप, २०१९ चा, आठवं जनरेशन, पण ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. एसएसडी आणि रॅम टाका. सुधारा.
३. अकाउंट्सचा, २०१५ चा. बदला.
४. डिझाइनचा, २०१६ चा. बदला.
५. कटिंग मशीनला जोडलेला, विंडोज ७ वाला. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही. त्याचं इंटरनेट आणि नेटवर्क काढा, तेवढ्या एका कामापुरता ठेवा. फाइल न्यायला एकच पेनड्राइव्ह, आणि तो दर वेळी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून. हे मशीन कधीतरी जाणारच आहे, म्हणून पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये कटिंग मशीनच्या नव्या कंट्रोलरची चौकशी लिहून ठेवा.
६. रिसेप्शनचा, २०१४ चा. दिवसात जेमतेम तासभर वापर. ते काम डिस्पॅचच्या मशीनवर हलवा आणि हा काढून टाका.

बघा, "सगळे सहा बदलू का?" या प्रश्नाचं उत्तर निघालं दोन! आणि हे कळायला एक कागद लागला.

पायरी ३: बॅकअप घेऊ नका, बॅकअप उघडा

बॅकअप घेतलाय असं सगळेच म्हणतात. तो उघडून किती जणांनी पाहिलाय? दुसऱ्या मशीनवर तो डेटा उघडा, मागच्या महिन्याचं कोणतंही एक बिल शोधा, प्रिंट काढा. निघाली प्रिंट, तर बॅकअप आहे. नाही निघाली, तर नाही.

प्रती तीन ठेवा: एक मशीनवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक गाळ्याच्या बाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा घरी. बाहेर का? २६ जुलै २००५ ज्यांनी मुंबईत पाहिलाय त्यांना सांगायला नको. तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरलं की मशीन आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क, दोन्ही एकदम जातात. आणि हो, सीपीयू जमिनीवर ठेवू नका.

एक इशारा: अकाउंटिंगचा डेटा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एकदा बदलून घेतला की बहुतेक वेळा तो जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून बदल करण्याआधीची प्रत वेगळी, तारीख टाकून ठेवा.

पायरी ४: आधी एकच मशीन

दोन्ही नवी मशीन एकदम मांडू नका. आधी अकाउंट्सचं आणा. जुनं शेजारीच राहू द्या. एक आठवडा खरं काम नव्यावर करा: बिल, रिटर्न, प्रिंट, डिजिटल सिग्नेचर, सगळं. जे अडलं ते पायरी १ च्या कागदावर लिहा. आठवडा नीट गेला तरच दुसरं. जुनं मशीन किमान एक महिना पुसू नका.

ज्या माणसाचं मशीन बदलताय त्याला आधी विचारा. "तुझ्याकडे असं काय आहे जे फक्त तुलाच माहिती आहे?" या एका प्रश्नाने मला लपलेले फोल्डर, सेव्ह केलेले पासवर्ड आणि एक्सेलच्या जादूच्या शीट सापडल्या आहेत.

पायरी ५: तारीख

मार्च नको. महिन्याची ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१, आणि २० तारीख, म्हणजे ३बी, यांच्या आसपास नको. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे तर नकोच. मग उरतं काय? बहुतेकांना २१ ते २५ मधला शनिवार-रविवार बरा पडतो. गणपतीत ऑफिस शांत असतं म्हणून तेव्हा करू, असं वाटतं खरं, पण तुमचा स्टाफ कोकणात जातो तसा कॉम्प्युटरवालाही जातो! आधी त्याला विचारा.

पायरी ६: पैसे

बजेटमध्ये फक्त मशीनची किंमत लिहू नका. विंडोज आणि ऑफिसचं लायसन्स, डेटा हलवायची मजुरी, यूपीएस, एक्स्टर्नल डिस्क, शिकवायला लागणारे दिवस, आणि वर थोडी शिल्लक, हे सगळं लिहा. यूपीएस विशेष. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी गेली आणि काही भागांत कित्येक तास आली नाही. नव्या मशीनला मेलेल्या बॅटरीचा यूपीएस लावलात तर काय उपयोग?

"क्रॅक टाकून देतो, पैसे वाचतील" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अपडेटसाठीच तर हा खर्च करतोय.

आता हिशेब. समजा खरेदी १ लाखाची. त्यावर १८ टक्के जीएसटी, १८,००० रुपये. तुम्ही नियमित जीएसटीत असाल आणि बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घेतलं असेल, तर हे क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर घसारा ४० टक्के, म्हणजे ४०,०००. पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर पहिल्या वर्षी निम्माच, २०,०००. म्हणून ऑक्टोबर उजाडायच्या आत मशीन घेऊन वापरात आणलेलं बरं. ठोकताळ्याने, प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने, कर भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही. तुमचं नेमकं काय, ते सीए सांगतील.

पायरी ७: जुन्याचा निरोप

फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे डेटा गेला असं नाही. विंडोज रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय निवडा, किंवा डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. मग मशीन नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला द्या आणि पावती घ्या. भंगारवाल्याला दिलेल्या डिस्कवर तुमच्या गिऱ्हाइकांची यादी असू शकते.

या आठवड्याचा गृहपाठ

मशीन आत्ता घेऊ नका. दोनच गोष्टी करा. पायरी १ चा कागद भरा, आणि बॅकअपमधून एक जुनं बिल प्रिंट करून दाखवा, मला नाही, स्वतःला. प्रिंट निघाली का, ते कमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा. नाही निघाली असं लिहायला लाजू नका. माझीही निघाली नव्हती.

भेटू पुढच्या व्हिडिओत.